बोर्डाची सीडी

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याच वर्षी इंटेलचा ८१० चिपसेट आला आणि विंडोज ९८ ची दुसरी आवृत्तीही. ८१० मध्ये डिस्प्ले मदरबोर्डावरच होता, वेगळं कार्ड घ्यावं लागत नव्हतं. त्यामुळे असेंबल केलेला पीसी स्वस्त पडू लागला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, पुढे एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि वसमत, कळमनुरी, सेनगावच्या पोरांनी माऊस हातात धरला. या स्वस्ताईची एकच अट होती, बोर्डाच्या खोक्यात आलेली ड्रायव्हरची सीडी जपायची. ती फार थोड्यांनी जपली.

मग व्हायरस शिरला की कुणीतरी फॉरमॅट मारायचं, नवी विंडोज टाकायचं आणि तक्रार यायची, ‘स्क्रीन मोठी झाली.’ ६४० बाय ४८०, सोळा रंग. फोटोवर रंगाचे डाग, श्रीलिपीत टाइप केलेला अर्ज अर्धाच दिसणार, खिडकीचं ‘ओके’ बटण पडद्याच्या खाली गेलेलं. जाणकार माणूस अल्ट आणि स्पेसबार दाबून, मग एम दाबून, बाणांच्या कळांनी ती खिडकी वर ओढायचा. बघणाऱ्यांना वाटायचं मॉनिटर गेला. मॉनिटर ठणठणीत असायचा, पण चिपशी बोलायचं कसं हेच विंडोजला ठाऊक नसायचं.

खरी विद्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये होती. पिवळ्या प्रश्नचिन्हापुढे नुसतं ‘व्हिडिओ कंट्रोलर’ लिहिलेलं असे, त्यावरून काही कळत नसे. एक्सपीत त्याच्या डिटेल्समध्ये गेलं की लांबलचक आकडा दिसायचा. त्यात ८०८६ म्हणजे इंटेल, १०३९ म्हणजे एसआयएस, ११०६ म्हणजे व्हिया, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. पुढचे चार अंक चिपचे: २५६२ असेल तर ८४५जी, २५७२ असेल तर ८६५जी. हा आकडा वाचता येणाऱ्या पोराला डबा उघडायचीही गरज नसे. कॉलेजात कुणी हे शिकवलं नव्हतं. वहीत उतरवून एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं हे ज्ञान होतं आणि माझ्या मते त्या काळातली ही जिल्ह्याची मोठी कमाई आहे.

आकडा कळला तरी ड्रायव्हर आणायचा कुठून? डायल-अपवर दहा एमबी उतरवायला पाऊण तास लागायचा आणि मध्येच लोडशेडिंग. फ्लॉपीत १.४४ एमबीच मावत. म्हणून सीडी उसनी आणली जाई, कधी थेट नांदेडहून. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग डिस्प्लेचा, हा क्रम पाळायचा. चुकीचा पडला आणि पडदा काळा झाला, तर एफ८ दाबून ‘व्हीजीए मोड’मध्ये शिरायचं आणि तो काढून टाकायचा.

२००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हरची घडणच बदलली. ८६५जी आणि ९१५जी यांना नव्या घडणीचे ड्रायव्हर इंटेलने दिले नाहीत. विंडोज ७ मध्ये जुने एक्सपीचे कसेबसे चालत, २०१२ च्या विंडोज ८ ने तेही बंद केलं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला. चालू स्थितीतली यंत्रं भंगारात गेली, ती बहुतेक याच कारणाने. लिनक्सच्या कर्नलमध्ये या चिपांचे ड्रायव्हर आधीपासून होते, पण ती वाट आपल्याकडे फार थोड्यांना कुणी दाखवली. शाळांच्या लॅबमध्ये ती दाखवायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

२०१९ च्या अखेरीस इंटेलने जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आपल्या साइटवरून काढायला घेतले. त्यामुळे औंढ्यात किंवा सेनगावात कुणाच्या कपाटात बोर्डाची मूळ सीडी पडून असेल, तर तिची इमेज आताच काढून ठेवावी आणि इंटरनेट आर्काइव्हवर चढवावी. सीडीच्या पाठीवरचा थर उडाला की आतलं काहीच वाचता येत नाही.