गुडवुडच्या मैदानावरील एक दिवस

मोटारींची शर्यत म्हटली म्हणजे नव्या, चकचकीत, बाणाच्या टोंकासारख्या निमुळत्या मोटारी तुमच्या डोळ्यांपुढें उभ्या राहत असतील, आणि तुमच्या पालकांच्या डोळ्यांपुढें बहुधा हातपाय मोडलेलीं मुलें! परंतु इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक, ससेक्स परगण्यांत, दर वर्षीं सप्टेंबर महिन्यांत तीन दिवस असा एक मेळावा भरतो कीं, त्यांत १९६६ नंतरच्या धर्तीच्या मोटारीस स्थानच नाहीं. गुडवुड हें त्या ठिकाणाचें नांव, व मेळाव्यास 'रिव्हायव्हल' असें म्हणतात. हा शब्द आपल्या मंडळ्यांस अपरिचित नाहीं. आपण त्यास 'संजीवन' म्हणतों. मोटारींच्या मेळाव्यास हें नांव शोभतें कीं नाहीं, तें पुढील हकीकत वाचून वाचकांनींच ठरवावें.

ही जागा मूळची शर्यतीसाठीं नव्हेच. गुडवुड येथें रिचमंडच्या ड्यूकांची मोठी जहागीर आहे. दुसऱ्या महायुद्धांत तींतील कांहीं जमीन विमानदलाच्या उपयोगास देण्यांत आली, आणि १९४० सालीं तेथें वेस्टहॅम्पनेट नांवाचा विमानतळ सुरू झाला. दोन्ही पाय गमावूनहि लढाऊ विमान चालविणारा प्रसिद्ध वैमानिक डग्लस बेडर ऑगस्ट १९४१ मध्यें आपल्या शेवटच्या लढाऊ उड्डाणास निघाला तो याच तळावरून. विमानतळाच्या कडेकडेनें एक रस्ता केलेला होता, व फावल्या वेळीं वैमानिक त्यावर आपल्या मोटारी पिटाळीत. युद्ध संपल्यावर टोनी गेझ नांवाच्या एका ऑस्ट्रेलियन वैमानिकानें ड्यूकसाहेबांस विचारलें कीं, ह्याच रस्त्यावर शर्यत कां भरवूं नये? नववे ड्यूक हे स्वतः तरुणपणीं शर्यतींत मोटार चालवीत असत. १९३० सालीं ब्रुकलँड्स येथें एका सहकाऱ्यासह, लहानशा ऑस्टिन सेव्हन मोटारीवर, त्यांनीं ५०० मैलांची शर्यत जिंकली होती. तेव्हां ही सूचना त्यांना पटली यांत नवल नाहीं. १८ सप्टेंबर १९४८ रोजीं येथें पहिल्या शर्यती झाल्या. पेट्रोल तेव्हां रेशनवर मिळे; तरीहि सुमारें १५,००० लोक जमले. त्या दिवशींची एक शर्यत स्टर्लिंग मॉस नांवाच्या तरुणानें जिंकली. त्याला आदल्याच दिवशीं १९ वर्षें पुरीं झालीं होतीं.

आतां आपला प्रेक्षक सकाळच्या आगगाडीनें चिचेस्टर स्टेशनांत उतरला आहे असें समजा. मागें कॅथेड्रलचा उंच निमुळता कळस, पुढें साउथ डाउन्स नांवाच्या गवताळ टेकड्या, आणि मध्यें, शहरापासून थोड्याच मैलांवर, गुडवुडचें मैदान. दारांतून आंत पाऊल टाकतांच, आपण चुकून आपल्या आजोबांच्या लग्नास आलों कीं काय, असें त्याला वाटतें. पुरुषांच्या अंगांत जाड लोंकरी कोट, डोक्यावर हॅट. स्त्रियांचे ठिपक्यांचे झगे व पांढरे हातमोजे. कोठें युद्धकाळचा गणवेश. हा पोषाख सर्वांवर सक्तीचा नाहीं, तरी बहुतेक लोक तो हौसेनें करितात. आणि जुना काळ भंगूं नये म्हणून शर्यतीच्या आवारांत त्या दिवसांपुरती नवी मोटार फिरूं देत नाहींत. मला विचाराल तर ह्या नटण्यासजण्याचें कौतुक जरा अधिकच होतें. मोटारींकडे पाठ करून एकमेकांच्या टोप्या पाहण्यांतच ज्यांचा दिवस जातो असेहि लोक तेथें असतात.

जाणता प्रेक्षक मात्र प्रथम मोटारी जेथें उभ्या करून ठेवतात तिकडे वळतो. डोळ्यांच्या आधीं नाकास खबर लागते, आणि ती एरंडेलाची असते. आमच्या लहानपणीं ज्याच्या नुसत्या नांवानें पोटांत गोळा उठे तेंच हें एरंडेल! इंजिन अतिशय तापलें असतांहि हें तेल धातूस घट्ट धरून राहतें, म्हणून शर्यतीच्या मोटारींना व जुन्या विमानांना तें फार मानवे. कॅस्ट्रॉल हें प्रसिद्ध नांवहि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलें आहे. एरंडाचें पीक आज जगांत सर्वांत अधिक आपल्याच देशांत निघतें. तेव्हां त्या परदेशच्या मैदानावर आपल्याकडील मनुष्यास निदान एक तरी वास ओळखीचा भेटेल. तेल जुनें असलें तरी इंधन तसें राहिलेलें नाहीं. २०२४ सालापासून येथील शर्यतींत मुख्यतः नवीकरणीय पदार्थांपासून केलेलें इंधन वापरण्यांत आलें आहे.

ह्या आवारांत उंच, अरुंद, एकाच माणसाला बसण्यापुरत्या कांहीं मोटारी दिसतात. त्यांस ई. आर. ए. म्हणतात. लिंकनशायर परगण्यांतील बोर्न ह्या गांवीं १९३३ सालीं निघालेल्या कंपनीनें अशा वीसहि मोटारी बांधल्या नाहींत. पण त्यांतील बहुतेक अद्याप धांवतात. इंजिनांत हवा जोरानें कोंबणारें एक यंत्र त्यांना बसविलेलें असतें, व त्याचा किंकाळीसारखा आवाज मैलभर ऐकूं येतो. सयामचे राजपुत्र बिरा हे युद्धापूर्वीं ह्याच मोटारी चालवून मोठे विजयी झाले. त्यांच्यापाशीं तीन ई. आर. ए. होत्या. पहिलीचें नांव रोम्युलस, दुसरीचें रीमस, आणि तिसरीचें नांव हनुमान! रामायण सयामांत घरोघर ठाऊक असल्यामुळें त्या राजपुत्रास तें सहज सुचलें असेल. वायुपुत्राचें नांव इंग्लंडांतील शर्यतींत असें धांवून आलें आहे, हें आपल्या इकडील फार थोड्यांस माहीत असतें.

ह्या यंत्रांचे सुटे भाग कोणत्याहि दुकानांत मिळत नाहींत. दांता तुटला तर जुन्या नकाशावरून नवा कापावा लागतो. नकाशा नसेल तर तुटलेल्या तुकड्यावरून मापें घ्यावीं लागतात. आज दांता बदलला, उद्यां इंजिनाचा सांगाडा बदलला, परवां पत्रा बदलला. मग मोटार तीच राहिली काय? ह्या प्रश्नावर जाणत्या लोकांचे मोठे वाद होतात. माझ्या मतें, जोंपर्यंत तें काम जुन्याच रीतीनें करणारे हात आहेत, तोंपर्यंत मोटार तीच आहे.

पहिली शर्यत सुरू होण्याच्या सुमारास प्रेक्षकानें मॅजविक नांवाच्या उजव्या वळणापाशीं बांधावर जागा धरावी. संपूर्ण फेरा सुमारें २.४ मैलांचा, त्यांतील हें पहिलें वळण. पदार्थविज्ञानाचा याहून चांगला वर्ग मला ठाऊक नाहीं. धांवणारी वस्तु सरळ रेषेंतच जाऊं पाहते, हा न्यूटनचा नियम आपण फळ्यावर लिहितों आणि पुसून टाकतों. येथें तो डोळ्यांनीं दिसतो. जुन्या मोटारीचे टायर वीतभरहि रुंद नसतात. त्यांची रस्त्यावरील पकड थोडी. म्हणून वेगानें आलेली मोटार वळणावर नाक आंत व शेपूट बाहेर अशी तिरपी होते, आणि चारी चाकांनीं घसरत घसरतच वळण घेते. पुढचीं चाकें तर कधीं कधीं वळणाच्या उलट दिशेस वळलेलीं दिसतात. हा अपघात नव्हे. ही कला आहे. चालक हातानें चाक सांवरीत असतो, आणि पायानें इंजिनाचा जोर कमी-अधिक करून ती घसरण आपल्याला हवी तेवढीच ठेवीत असतो. जोर रतिभर अधिक झाला तर मोटार गवतांत, आणि कमी झाला तर मागील मोटार पुढें.

नव्या मोटारींत हें दिसत नाहीं, याचें कारण सांगण्यासारखें आहे. १९६८ पासून मोठ्या शर्यतींतील मोटारींना पंख बसूं लागले. विमानाचा पंख विमानास वर उचलतो. हे पंख उलटे असल्यामुळें मोटारीस खालीं दाबतात, आणि ती रस्त्याला चिकटून राहते. गुडवुडच्या शर्यती त्यापूर्वींच बंद झाल्या होत्या, म्हणून येथील मोटारींना पंख नाहींत. नव्या मोटारी कितीतरी अधिक वेगानें जातात, पण रुळांवरून गेल्यासारख्या जातात. येथें वेग कमी असूनहि चालकाचे खांदे, कोपर, मनगटें उघडीं दिसतात, आणि मनुष्य यंत्राशीं कसा झगडतो तें बांधावरच्या शाळकरी मुलासहि कळतें.

ह्या झगड्यांत कधीं कधीं फेरारी कंपनीची २५० जी. टी. ओ. नांवाची मोटारहि उतरते. १९६२ ते १९६४ ह्या काळांत अशा अवघ्या ३६ मोटारी झाल्या. त्यांतील एक २०१८ सालीं अमेरिकेंत लिलांवांत ४ कोटि ८४ लक्ष डॉलरांस विकली गेली. एवढ्या मोलाची वस्तु कोणी कांचेच्या पेटींत ठेवील. तिच्या पत्र्यास दुसऱ्याच्या चाकाचा ओरखडा लागूं देणें हा निव्वळ वेडेपणा, असें पुष्कळांस वाटतें. मलाहि प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु पेटींतील मोटारीच्या इंजिनांत तेल गोठतें, रबर कडक होतें, आणि ती कशी चालवावी हें जाणणारी पिढी निघून जाते.

दुपारीं लहान मुलांची पाळी येते, आणि सर्व प्रेक्षकांत जागेसाठीं खरी चढाओढ लागते ती ह्याच वेळीं. सेट्रिंग्टन चषकाच्या शर्यतींत मुलें एका बाजूस उभीं राहतात, निशाण पडतांच पलीकडील मोटारींकडे धांवत सुटतात, आंत बसतात व पाय मारूं लागतात. ह्या मोटारींना इंजिन नसतें. पायांनीं चालणारी ती ऑस्टिन जे-४० होय. तिची जन्मकथा शर्यतीहूनहि हृदयस्पर्शी आहे. दक्षिण वेल्समध्यें बारगोड येथें, कोळशाच्या खाणींत धूळ जाऊन ज्यांचीं फुप्फुसें निकामी झालीं होतीं अशा खाणकामगारांसाठीं १९४९ सालीं एक कारखाना काढण्यांत आला, आणि मोठ्या मोटारींतून उरलेल्या पत्र्यांपासून त्या माणसांनीं मुलांसाठीं ह्या मोटारी केल्या. १९७१ पर्यंत अशा सुमारें ३२,००० मोटारी बाहेर पडल्या.

मुख्य रस्त्यालगत दुरुस्तीच्या व इंधन भरण्याच्या खोल्यांची रांग आहे. तेथून जातांना ५ सप्टेंबर १९५९ ची गोष्ट अवश्य आठवावी. त्या दिवशीं येथें सहा तासांची टूरिस्ट ट्रॉफी शर्यत होती, आणि जगज्जेतेपद कोणत्या कंपनीला मिळतें, याचा निर्णय तींत व्हावयाचा होता. ॲस्टन मार्टिनची पुढें असलेली मोटार इंधन भरतांना पेटली. चालक रॉय साल्वाडोरीचे कपडेहि पेटले, पण तो बचावला. कंपनीची खोली जळाली. आतां तिच्या उरलेल्या मोटारींत इंधन कोठें भरावें? त्याच शर्यतींत ग्रॅहॅम व्हाइटहेड नांवाचे गृहस्थ स्वतःच्या ॲस्टन मार्टिनसह उतरले होते. त्यांनीं आपली मोटार शर्यतींतून काढून घेतली, आणि आपली खोली कंपनीस दिली. कंपनीच्या दुसऱ्या मोटारींत बसून मॉसनें शर्यत जिंकली, व जगज्जेतेपद ॲस्टन मार्टिनला मिळालें. विजेत्यांच्या यादींत व्हाइटहेड यांचें नांव अर्थात् नाहीं.

आतां पालकांच्या मनांतील प्रश्नाकडे वळलें पाहिजे. माणसाचा जीव ईश्वराची ठेव आहे असें मानणाऱ्यानें ह्या खेळाकडे कसें पाहावें? ११ जून १९५५ रोजीं फ्रान्समध्यें ल मां येथें एक मोटार प्रेक्षकांत घुसली, आणि ८० हून अधिक लोक मरण पावले. गुडवुडलाहि रक्त सांडलें आहे. २३ एप्रिल १९६२, ईस्टरचा सोमवार. सेंट मेरीज वळणाजवळ मॉसची मोटार मातीच्या बांधावर आदळली. तो सुमारें एक महिना बेशुद्ध होता. पुढील वर्षीं बरा होऊन तो ह्याच रस्त्यावर आला, एकट्यानें मोटार चालवून पाहिली, आणि खालीं उतरून त्यानें निवृत्ति पत्करली. कारण पूर्वीं जें आपोआप होई, तें आतां विचार करून करावें लागत होतें. ईस्टरच्या सोमवारीं मृत्यूच्या दारांतून परतलेला हा मनुष्य ९० वर्षांचा होऊन १२ एप्रिल २०२० रोजीं वारला. तो ईस्टरचा रविवार होता.

१९६५ पर्यंत येथील सर्वांत जलद फेऱ्याचा सरासरी वेग ताशीं १०७ मैलांवर गेला. मोटारी दर वर्षीं अधिक वेगवान् होत होत्या, रस्ता होता तोच होता. नवव्या ड्यूकांपुढें दोन वाटा होत्या: रस्ता मोडून बदलावा, अथवा थांबावें. १९६६ सालीं त्यांनीं शर्यती बंद केल्या. लोकप्रिय, गर्दी खेचणारी गोष्ट आपल्या हातानें बंद करणें सोपें नसतें, आणि त्या मैदानावरील सर्व विजयांत मला हीच गोष्ट मोठी वाटते. चांचणीसाठीं रस्ता पुढेंहि चालू राहिला, आणि तेथेंच २ जून १९७० रोजीं ब्रूस मॅक्लॅरेन हा प्रसिद्ध चालक मोटारीची चांचणी घेत असतां मरण पावला. परंतु शर्यती थांबल्यामुळें एक अनपेक्षित गोष्ट घडली. इतर ठिकाणचे रस्ते नव्या मोटारींसाठीं वारंवार बदलले. गुडवुडचा रस्ता जुना तो जुनाच राहिला. ड्यूकांच्या नातवानें रक्षणाचे बांध वाढवून तो पुन्हां सिद्ध केला, आणि १८ सप्टेंबर १९९८ रोजीं, पहिल्या शर्यतीस बरोबर ५० वर्षें झालीं त्याच दिवशीं, रिव्हायव्हल सुरू झालें. धोका अर्थात् संपलेला नाहीं. आजहि अपघात होतात, आणि माझ्या मुलानें तेथें चालक व्हावें कीं काय, असें कोणी विचारलें तर मला चटकन् उत्तर देतां येणार नाहीं.

सायंकाळीं शेवटचें निशाण पडतें. टोप्या, झगे, हातमोजे हळूहळू दाराकडे निघतात. चिचेस्टरच्या गाडीची वेळ झालेली असते. मोटारींच्या आवारांत मात्र दिवे लागतात. कोट काढून, बाह्या सारून कोणी एक मनुष्य चाकापाशीं गुडघे टेकून बसलेला असतो. दुपारीं तडकलेला दांता त्याला उद्यां सकाळपर्यंत बसवावयाचा असतो, आणि त्याचा मुलगा, झोंप आवरीत, शेजारीं बॅटरी धरून उभा असतो.