कोठार, कोठावळा आणि यादी

परीक्षेचा निकाल, शाळेची फी, आगगाडीचें तिकीट, बँकेंतील शिल्लक, हें सर्व आज मोबाइलच्या पडद्यावर पाहावयास मिळतें. बटणास बोट लावलें कीं माहिती समोर येते, आणि ती कोठून व कोणत्या वाटेनें आली याचा विचार करण्याचें कारण सहसा पडत नाहीं. परंतु एखाद्या दिवशीं त्याच पडद्यावर आपल्या मुलाच्या नांवापुढील गुणांची जागा रिकामी दिसते, अथवा भरलेली फी भरलीच नाहीं असें उत्तर मिळतें, तेव्हां मात्र घरांतील सर्वांच्या तोंडचें पाणी पळतें. अशा पुष्कळ चुका यंत्राच्या नसतात, तर यंत्रास काम सांगण्याच्या रीतींत असतात. काम सांगण्याच्या दोन चांगल्या रीतींची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे. पहिली रीत म्हणजे डेटाबेसांत साठवून ठेविलेली कार्यपद्धति. हिला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. दुसरी म्हणजे अनेक वस्तु एका रांगेंत क्रमानें मांडण्याची सोय. हिला अ‍ॅरे म्हणतात.

प्रथम या व्यवहारांतील तीन पात्रें ओळखून घेऊं. पहिलें पात्र आपल्या हातांतील पडद्यावरचा ब्राउझर. तो विचारतो आणि दाखवितो. दुसरें, दूरच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. तो पुष्कळदां पीएचपी भाषेंत लिहिलेला असतो. ही भाषा रास्मुस लेरडॉर्फ यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केली. तिसरें पात्र डेटाबेस, म्हणजे माहितीचें कोठार. आयबीएम कंपनींत काम करणारे गणितज्ञ एडगर कॉड यांनीं १९७० सालीं असें सुचविलें कीं, माहिती साध्या तक्त्यांच्या रूपानें ठेवावी व तक्त्याच्या प्रत्येक घरांत एकच गोष्ट असावी. आजचीं बहुतेक मोठीं कोठारें याच विचारावर उभीं आहेत, व त्यांच्याशीं एसक्यूएल नांवाच्या भाषेंत बोलावें लागतें.

आतां एक उदाहरण घेऊं. एका वर्गांतील ४० विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण शिक्षकांनीं पडद्यावर भरले आणि ते जतन करण्याचें बटण दाबलें. प्रोग्राम लिहिणारा नवशिका असेल तर तो प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं कोठाराकडे एक स्वतंत्र आज्ञा धाडतो. आईनें मुलास वाण्याकडे पाठवावें, त्यानें मीठ घेऊन घरीं यावें, मग तेलासाठीं पुन्हां जावें, मग गुळासाठीं, अशातला हा प्रकार होय. समजा, एका खेपेस सेकंदाचे ५ सहस्रांश लागतात. तर ४० खेपांस २०० सहस्रांश, म्हणजे सेकंदाचा पांचवा हिस्सा लागेल. एका शिक्षकास हा विलंब जाणवणार नाहीं. परंतु शेंकडों शिक्षक एकाच संध्याकाळीं गुण भरूं लागले म्हणजे कोठाराच्या दाराशीं गर्दी होते. याहूनही वाईट गोष्ट अशी कीं, तेविसाव्या खेपेस तार तुटली आणि आधीं बंदोबस्त केलेला नसला, तर २२ मुलांचे गुण लागतात व १८ मुलांचे लागत नाहींत. अर्धवट झालेलें काम मुळींच न झालेल्या कामापेक्षां अधिक घातक असतें, कारण तें झाल्यासारखें दिसतें.

शहाणी आई एक यादी करून देते आणि वाण्याकडील माहीतगार कोठावळा ती वाचून सर्व सामान एकदम काढतो. आपल्या विषयांत यादी म्हणजे अ‍ॅरे, आणि कोठावळ्याच्या अंगवळणीं पडलेली रीत म्हणजे स्टोअर्ड प्रोसीजर. गुण कसे तपासावे, कोणत्या तक्त्यांत लिहावे, चूक आढळल्यास काय करावें, हे सर्व नियम एकदां लिहून कोठारांतच ठेवावयाचे व त्यांस एक नांव द्यावयाचें. पुढें प्रोग्रामनें तें नांव उच्चारून यादी पुढें केली कीं काम झालें. १९८७ सालीं सायबेस कंपनीनें आपल्या डेटाबेसांत अशी सोय दिली. ओरॅकलनें ती १९९२ च्या सातव्या आवृत्तींत, तर मायएसक्यूएलनें २००५ च्या पांचव्या आवृत्तींत आणली.

यापासून तीन लाभ होतात. चाळीस खेपांच्या जागीं एक खेप होते. नियम एकाच ठिकाणीं राहतो. संकेतस्थळ आणि मोबाइलचा प्रोग्राम दोन निरनिराळ्या माणसांनीं लिहिले असले तरी शंभरांपैकीं १२० गुण कोणालाही भरतां येत नाहींत. तिसरा लाभ सर्वांत मोठा आहे. वाटेंत कोठेंही चूक निघाली तर कार्यपद्धतीस सर्व काम रद्द करतां येतें, म्हणजे चाळीसही मुलांचे गुण लागतात किंवा एकाचेही लागत नाहींत. शिक्षकांस स्पष्ट सूचना मिळते व ते पुन्हां भरतात.

परंतु यादी धाडण्याचीही एक रीत आहे, आणि ती न पाळल्यास अनर्थ होतो. अनेक प्रोग्रामकार क्रमांकांची यादी स्वल्पविरामांनीं जोडून ती एसक्यूएलच्या आज्ञेंतच शिवून टाकतात. समजा, आईच्या यादीच्या तळाशीं वाटेंत कोणी भामट्यानें एक ओळ वाढविली कीं, गल्ल्यांतील सर्व पैसे या मुलापाशीं द्यावे. वाणी ती ओळ आईचीच समजून पैसे देईल. संगणकाच्या जगांत या लबाडीस एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. तिची जाहीर चर्चा १९९८ पासून होत आली आहे, तरी तिला बळी पडणारे अजून आढळतात. उपाय एकच: आज्ञा वेगळी व सामान वेगळें. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसांत पूर्णांकांची रांग हा स्वतंत्र प्रकार आहे. रांग त्या प्रकारानें, आज्ञेपासून निराळी धाडली तर तींत अंकांखेरीज दुसरें कांहीं आल्यास कोठार ती दारांतूनच परत करतें. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. केवळ स्टोअर्ड प्रोसीजर वापरली म्हणजे आपण सुरक्षित झालों, असें नाहीं. तिच्या पोटांतच शब्द जोडून आज्ञा तयार केली असेल तर भामट्याची वाट पूर्वींइतकीच मोकळी राहते.

पोस्टग्रेसचें काम मायकेल स्टोनब्रेकर यांनीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत १९८६ सालीं हातीं घेतलें. त्याच्या रांगेचा एक विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पीएचपी भाषेंतील रांगेची मोजणी सामान्यतः ० पासून सुरू होते. पोस्टग्रेसमधील रांगेची मोजणी, मुद्दाम बदलली नसल्यास, १ पासून. पीएचपीची संवय लागलेला मनुष्य पोस्टग्रेसच्या कार्यपद्धतींत ० पासून ३९ पर्यंत मोजतो. शून्याव्या जागीं कांहींच नसतें. परंतु पोस्टग्रेस तेथें चूक दाखवीत नाहीं, 'नल' नांवाची रिकामी खूण हातीं देतें. या खुणेशीं कोणाचाही क्रमांक जुळत नाहीं, म्हणून ती फेरी निमूटपणें वायां जाते. पुढें १ पासून ३९ पर्यंतच्या मुलांचे गुण बरोबर लागतात आणि चाळिसावें मूल राहून जातें. कोठें ओरड नाहीं, कोठें लाल अक्षर नाहीं. फक्त पटावरील शेवटच्या मुलास गुण नाहींत.

दुसरा धोका जोडरांगांचा. क्रमांकांची एक व गुणांची एक अशा दोन रांगा धाडल्या, आणि गुणांच्या रांगेंतून मधलाच एक आंकडा गळला, तर पुढील प्रत्येक मुलास त्याच्या पाठच्या मुलाचे गुण मिळतात. रांगेच्या ओळी करून देणारी 'अननेस्ट' नांवाची सोय आखूड रांगेच्या शेवटीं रिकामी खूण भरून वेळ मारून नेते. म्हणून चांगली कार्यपद्धति पुढील गोष्टी करते: प्रथम दोन्ही रांगांची लांबी समान आहे कीं नाहीं हें पाहते, नसल्यास काम थांबविते, हातानें मोजणी न करतां 'अननेस्ट'कडून सर्व ओळी एकदम करून घेते, आणि शेवटीं तक्त्यांतील किती ओळी बदलल्या हें मोजून ती संख्या ४० भरते काय हें ताडून पाहते. याहून बरें म्हणजे क्रमांक व गुण यांची जोडी ही एकच वस्तु समजून अशा जोड्यांची एकच रांग धाडावी. पोस्टग्रेसमध्यें तशीही सोय आहे.

आतां कोणी विचारील कीं, रांग इतकी सोयीची आहे तर ४० मुलांचे गुण तक्त्याच्या एकाच घरांत रांग म्हणून कां ठेवूं नयेत? कॉड यांचा नियम येथें उपयोगी पडतो. एका घरांत चाळीस गोष्टी कोंबल्या म्हणजे त्यांतील एक शोधणें, दुरुस्त करणें, तिचा संबंध पटावरील नांवाशीं जोडणें, हें सर्व कठीण होतें. वाण्याकडे यादी कागदावर जाते; परंतु सामान यादीच्या कागदांत बांधून कोणी कोठारांत रचीत नाहीं. वाहून नेण्यास रांग व साठवून ठेवण्यास तक्ता, हा विवेक सामान्यतः हितकर ठरतो.

स्टोअर्ड प्रोसीजरच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक डेटाबेसाची बोली वेगळी आहे. मायएसक्यूएलमध्यें रांग हा प्रकारच नाहीं, तेथें जेसन नांवाच्या मजकुराच्या रूपानें यादी धाडतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्यें २००८ च्या आवृत्तीपासून सबंध तक्ताच कार्यपद्धतीच्या हातीं देतां येतो. यामुळें एका कोठारासाठीं लिहिलेली कार्यपद्धति दुसऱ्या कोठारांत जशीच्या तशी चालत नाहीं. शिवाय नियम कोठारांत दडून बसले व त्यांची नोंद कोठें ठेविली नाहीं, तर मागून येणाऱ्या कारभाऱ्यास ते सांपडत नाहींत. यास्तव माहितीच्या खरेपणाशीं ज्या नियमांचा संबंध आहे ते कोठारांत ठेवावे; पडदा कसा दिसावा, अक्षर केवढें असावें, इत्यादि गोष्टी प्रोग्रामकडे सोंपवाव्या.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें हाच व्यवसाय करतील. त्यांनीं तयार केलेल्या पडद्यामागें कोणाचे गुण, कोणाची फी, कोणाचें औषध असेल. शेवटल्या मुलाचें नांव गळूं न देणें ही केवळ हुशारीची गोष्ट नाहीं. सर्व ओळी लिहून झाल्यावरही एकदां मोजून पाहण्याची संवय त्यास लागते, आणि ती संवय गणिताच्या वहींतील ताळा पाहतांना आजही लावून घेतां येते. एवढें जरी वाचकांनीं ध्यानांत ठेविलें, तरी आमचा हा अल्प प्रयत्न सफल झाला असें आम्ही समजूं.