*जनरेटर घेताय? आधी कॉम्प्रेसरची नेमप्लेट बघा*



वळवाचा पाऊस सुरू झाला की वाऱ्या-वादळात लाईट जाते आणि दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या सभासदांचे फोन सुरू होतात, "जनरेटर किती केव्हीएचा घेऊ?"

गेल्या वर्षी आपल्या एका सभासदाने नवाकोरा जनरेटर आणला. लाईट लागली, पंखे फिरले. पण बल्क कूलरचा कॉम्प्रेसर चालू केला की इंजिन दबून बंद पडायचं. टाकीत संध्याकाळचं १,००० लिटर दूध. लिटरला ३० रुपये धरले तरी ३० हजारांचा माल. शेवटी रात्रीच टँकर बोलावून दूध हलवावं लागलं. जनरेटरमध्ये बिघाड काहीच नव्हता, तो लहान पडत होता.

*१) चालू लोड काढा*
लाईट गेल्यावर जे चालायलाच पाहिजे तेवढंच वहीत लिहा. उदाहरणार्थ: कॉम्प्रेसर ५ एचपी, दूध ढवळणारी मोटार अर्धा एचपी, दुधाचा पंप १ एचपी, म्हणजे साडेसहा एचपी. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून हे झाले जवळपास ५ किलोवॅट. मोटार थोडी वीज वाया घालवते, शिवाय काटा, फॅट मशीन, लाईट. सगळं मिळून ६ किलोवॅटच्या थोडं वर धरा. त्याला ०.८ ने भागलं की केव्हीए मिळतो: साधारण ८ केव्हीए.

*२) चूक इथे होते*
हा हिशोब बघून आपण १० केव्हीए घेतो. पण मोटार थेट चालू करताना सुरुवातीचे काही क्षण नेहमीच्या ५ ते ७ पट करंट ओढते. भरलेली बैलगाडी जागची हलवायला जसा जास्त जोर लागतो, तसंच हे. म्हणून सगळ्यात मोठी मोटार कोणती आणि ती कशी चालू होते, हे आधी बघायचं. वरच्या उदाहरणात कॉम्प्रेसर थेट चालू होत असेल तर १५ केव्हीए घ्या. सॉफ्ट स्टार्टर बसवला तर १० केव्हीएवर भागू शकतं, पण तो बसवण्याआधी कूलरच्या मिस्त्रीला विचारा.

*३) फार मोठाही नको*
"असू द्या २५ केव्हीए, पुढे कामाला येईल" असं करू नका. डिझेल इंजिन क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर रोज चाललं तर डिझेल नीट जळत नाही, काजळी साचते, धुराड्यातून तेल येतं.

*४) डिझेलचा हिशोब*
लहान जनरेटर १ लिटर डिझेलमध्ये साधारण ३ युनिट वीज देतो. म्हणजे डिझेल ९० रुपये धरलं तर युनिट ३० रुपयांना पडलं. तेव्हा जनरेटरवर कूलर, काटा, फॅट मशीन आणि गरजेपुरती लाईट एवढंच चालवा. कडबाकुट्टी लाईट आल्यावर.

*५) ट्रॅक्टर असेल तर*
पीटीओवर चालणारा अल्टरनेटर स्वस्तात पडतो. १५ केव्हीएसाठी निदान ३५ एचपीचा ट्रॅक्टर हवा आणि इंजिनचा वेग स्थिर ठेवावा लागतो, नाहीतर व्होल्टेज वर-खाली होतं. पण नांगरटीच्या दिवसात ट्रॅक्टर रानात असतो, हे लक्षात ठेवा. शाफ्टवर गार्ड पाहिजेच.

*६) जिवाशी खेळ नको*
– चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर जोडू नका. नाहीतर आपली वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.
– बंद खोलीत जनरेटर चालवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.
– इंजिन गरम असताना डिझेल भरू नका.
– अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पंप उलटा फिरत नाही ना, तेही त्याच वेळी तपासा.

*७) लाईट गेल्यावर क्रम*
आधी सगळी बटणं बंद. जनरेटर चालू करून २-३ मिनिटं मोकळा चालू द्या. कॉम्प्रेसर बंद पडल्यापासून ५ मिनिटं झाली की मगच तो चालू करा, म्हणजे आतला गॅसचा दाब सारखा होतो. त्यानंतर बाकीच्या मोटारी एकेक करून. काटा आणि फॅट मशीन सगळ्यात शेवटी.

महिन्यातून एकदा कूलरचा लोड देऊन अर्धा तास जनरेटर चालवा. नुसता मोकळा चालवून तो ऐन वेळी लोड घेईल की नाही, ते कळत नाही.

धारेचं दूध ३५ अंशांच्या आसपास असतं. ते तीन तासांत ४ अंशांवर आलं पाहिजे. एकदा आंबट झालेलं दूध नंतर कितीही गार केलं तरी सुधारत नाही.

*इसार देण्याआधी एवढं करा:* कॉम्प्रेसरच्या नेमप्लेटचा स्पष्ट फोटो आणि वरच्यासारखी मोटारींची यादी याच नंबरवर पाठवा. आपण मिळून हिशोब करू. विक्रेत्याला सांगा, "माझ्या कूलरवर चालवून दाखवा, मग पैसे."

आपला,
कृषी सल्लागार