एक्स-रेतले दात वय कसं सांगतात?

'तुझं संशोधन नेमकं कशावर आहे गं?' असं कुणी विचारलं की मी सांगते, मुलांच्या दातांवरून वय काढण्यावर. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'मग अचूक वय कळतं?' नाही. अंदाज कळतो. तो अंदाज किती चुकू शकतो, हे सांगणं हेच खरं काम.

आधी पद्धत समजून घेऊ. दात हिरडीबाहेर कधी येतो यावर फार विसंबता येत नाही. दुधाचा दात लवकर पडला, जागा अपुरी असली, की ती वेळ बदलते. हिरडीच्या आत दात घडत असतो, ती प्रक्रिया जास्त भरवशाची. कुपोषणाचा परिणामही हाडांच्या मानाने दातांवर कमी होतो. म्हणून ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, घेतात.

१९७३ मध्ये डेमिर्जियन, गोल्डस्टाइन आणि टॅनर यांनी मांडलेली पद्धत आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. खालच्या जबड्यातले डावीकडचे सात दात बघायचे, अक्कलदाढ सोडून. प्रत्येकाला ए ते एच यांपैकी एक टप्पा द्यायचा. डी म्हणजे दाताचा माथा पूर्ण झाला, एच म्हणजे मुळाचं टोक बंद झालं. टप्प्यांना गुण असतात, मुलगा-मुलगी यांचे तक्ते वेगळे. सातही दातांच्या गुणांची बेरीज जास्तीत जास्त १००, आणि त्या बेरजेवरून वय.

आता मेख बघा. हे तक्ते फ्रेंच-कॅनडियन मुलांवरून बनलेत. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत त्यांनी मुलांचं वय खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं. म्हणून धारवाडच्या अशिथ आचार्य यांनी २०११ मध्ये भारतीयांसाठी, अक्कलदाढ धरून आठ दातांचं वेगळं सूत्र मांडलं.

पण सरासरी जुळली म्हणजे झालं का? समजा दहा मुलं आहेत. पाच जणांचं वय एक वर्षाने जास्त आलं, पाच जणांचं एक वर्षाने कमी. सरासरी चूक शून्य! आणि बरोबर उत्तर एकाचंही नाही. पेपर वाचताना म्हणूनच फक्त सरासरी फरक पाहू नका. चुकीचा पसरटपणा शोधा.

हे महत्त्वाचं का? आपल्याकडे अठराची रेषा कायद्याने आखलेली आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. म्हणजे आपल्यासमोर येतं ते कागद नसलेलं मूल. आणि नेमकं तिथेच अडतं. सातव्या दाताचं मूळ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी बंद होतं. त्यानंतर हाताशी उरते फक्त अक्कलदाढ, सगळ्यात लहरी दात. काहींना ती नसतेच. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जयमाला खटल्यातच म्हटलं होतं.

या विषयात येणार असाल तर दोन सवयी आजच लावा. एक्स-रे वाचताना मुलाचं खरं वय झाकून ठेवा. आणि काही आठवड्यांनी तेच एक्स-रे पुन्हा वाचा. आपलं आपल्याशीच किती जमतं ते कळेल.

रिपोर्टमध्ये 'वय १७.६' एवढंच कधी लिहू नका. सोबत मर्यादा लिहा. त्या आकड्यापलीकडे एक मूल असतं.