ग्लुटेन-फ्री स्वयंपाकाची सुरुवात गिरणीपासून

‘ऑटोइम्यून आजारासाठी डाएट चार्ट द्या’ असे बरेच मेसेज आले. पण सगळ्या आजारांना चालेल असा एक चार्ट नसतो. हाशिमोटो थायरॉइड असो की आमवात, तिथे औषध मुख्य आणि आहार जोडीला. सिलिॲकमध्ये मात्र आहार हाच उपचार. म्हणून आज फक्त सिलिॲकबद्दल बोलू.

गहू, जव आणि राय यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या बारीक उंचवट्यांवर हल्ला करते. ते झिजले की खाल्लेलं अंगी लागत नाही, लोह आणि व्हिटॅमिन डी कमी पडतं. गव्हाचा हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या प्रबंधात मांडला.

आता आपलं स्वयंपाकघर बघा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, सगळं मुळातच ग्लुटेन-फ्री! सकाळी पोहे, घावन किंवा तांदळाची उकड, डब्याला भात-आमटी-भाजी, रात्री गरम भाकरी. भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून ती रात्री. नाचणी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ठेवा, 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. महागडा ग्लुटेन-फ्री ब्रेड लागतोच असं नाही.

मग अडतं कुठे? गिरणीत. तुमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि तुमच्या ज्वारीच्या पिठात तो येतोच. ‘आधी थोडे तांदूळ दळून काढले’ एवढ्यावर विसंबू नका, पीठ जात्यात आणि खालच्या कापडी नळीत अडकून राहतं. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री लेबलसाठी मर्यादा आहे किलोला 20 मिलिग्रॅम. ब्रेडच्या एका स्लाइसमध्येच साधारण 2 ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे चिमूटभर गव्हाचं पीठसुद्धा हिशेबात धरायचं. आणि पोट दुखलं नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही, असंही नाही. त्यामुळे परवडत असेल तर घरगुती चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. धान्य आधी निवडून, धुऊन, वाळवून घ्या. बेसनही घरीच दळा, नाहीतर पिठलं-भाकरीतलं पिठलंच नडेल.

बाकीचे चोर लपलेले असतात. बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे साधं वरणसुद्धा गेलं! (आम्ही कोडवाले याला डिपेंडन्सी म्हणतो.) थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू पडतो, सातूच्या पिठातही. सोया सॉसमध्ये गहू, पुऱ्या तळलेल्या तेलात गहू. ‘खपली चालतो ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही चालत, खपली हा गहूच आहे. पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळण वेगळी ठेवा, लाकडाच्या भेगांतून आणि जाळीतून पीठ पूर्ण निघत नाही.

एक राहिलं. घरात एकाला सिलिॲक निघाला तर आई-वडील, भावंडं आणि मुलांचीही रक्ततपासणी करून घ्या, साधारण दहात एकाला तो निघू शकतो. पण तपासणीआधी त्यांचा गहू बंद करू नका. गहू थांबला की रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.