हँडल डुगडुगतंय? खड्ड्यांना शिव्या नंतर घाला

कसाऱ्याजवळच्या एका शाळेतल्या शिक्षकांनी प्रश्न पाठवलाय. नववीतल्या मुलीच्या सायकलचं हँडल डुगडुगतं. एक मेकॅनिक म्हणाला, वरचा बोल्ट आवळा. दुसरा म्हणाला, खड्ड्यांनी कटोऱ्या, म्हणजे हँडलच्या बेरिंगच्या वाट्या, गेल्या. तिसऱ्याने तर पुढचं चाक धरणारा अख्खा चिमटाच बदलायला सांगितला. यातलं खरं कोणाचं?

सायकल बघितल्याशिवाय कोणाचंच नाही. पण बघायची कशी, हे मात्र सांगता येतं, आणि त्यासाठी पान्याची गरज नाही. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल डावी-उजवीकडे पिळा. चाक जागेवर राहिलं आणि हँडल वळलं, तर सैल आहे तो हँडलचा खांब. नाही वळलं, तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. त्याच वेळी, चिमटा फ्रेममध्ये शिरतो त्या खालच्या कटोरीच्या सांध्यावर दुसऱ्या हाताची बोटं टेकवून ठेवा. तिथे टकटक जाणवली तर कटोऱ्या सैल आहेत. खडखड नुसती कानाला ऐकू येते पण बोटाला काही लागत नाही, तर ती बहुधा ब्रेकचीच असते. दांडीच्या ब्रेकला तर ती खोडच आहे. चाकाची रिम धरून आडवी हलवल्यावर खेळ जाणवला, तर दोष पुढच्या हबमध्ये आहे आणि हँडल बिचारं निर्दोष आहे.

शेवटची परीक्षा माझ्या आवडीची. फ्रेम धरून पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि एका बोटाने हँडल मधून इकडून तिकडे ढकला. बरोबर सरळ रेषेत आलं की ते किंचित अडखळतं का, खाचेत बसल्यासारखं थांबतं का? थांबत असेल, तर दुसऱ्या मेकॅनिकचं निदान अर्धं बरोबर आहे. कटोऱ्या गेल्यात हे खरं. खड्ड्यांनी गेल्या हे बहुतेक खोटं.

त्याकडे येतोच, पण आधी पहिल्या मेकॅनिकचा बोल्ट. आपल्या साध्या काळ्या सायकलीत हँडलचा खांब चिमट्याच्या नळीत आत उतरलेला असतो आणि त्याच्या टोकाशी एक पाचर असते. वरचा लांब बोल्ट आवळला की पाचर वर खेचली जाते आणि खांब नळीच्या आत घट्ट दाबून बसतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात, तेच इथे बोल्टने होतं. म्हणूनच बोल्ट ढिला केला तरी हँडल सुटत नाही. पाचर आत अडकूनच राहते. अशा वेळी बोल्ट तीन-चार आटे सोडायचा, डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीचा एक टोला द्यायचा. पाचर खाली सटकते. कसारा-इगतपुरी पट्ट्यातल्या पावसात हा खांब नळीत गंजून जाम होतो, तेव्हा वर्षातून एकदा तो बाहेर काढून ग्रीस लावलेलं बरं. परत बसवताना खांबावरची कमाल उंचीची रेघ नळीच्या आतच राहिली पाहिजे. आणि जोर बेताने लावा. अती आवळलं तर पाचर नळीलाच आतून फुगवते, आणि मग तिसऱ्या मेकॅनिकचा चिमटा खरोखरच घ्यावा लागतो.

गिअरच्या बहुतेक नव्या सायकलींत पाचर नसते. जॉन रेडर याच्या पेटंटवर आधारलेली, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डाया-कॉम्पे कंपनीने बाजारात आणलेली रचना आता सर्रास वापरतात. तिच्यात डोक्यावरचा बोल्ट हँडल धरतच नाही, तो फक्त बेरिंगवरचा दाब ठरवतो; हँडल धरतात ते बाजूचे बोल्ट. बाजूचे आवळलेले ठेवून वरचा कितीही पिळला तरी खेळ जात नाही. आधी बाजूचे सैल करा, मग वरचा बेताने, शेवटी बाजूचे.

आता खड्डे. हँडल सरळ असताना कटोरीत छर्ऱ्यांच्या, म्हणजे बेरिंगच्या गोळ्यांच्या, अंतरांवर बारीक खळगे पडतात. बघणाऱ्याला वाटतं, दणक्यांनी छर्रे पोलादात ठोकले गेले. अशा खळग्यांना अभियंते ब्रिनेलचं नाव देतात. योहान आउगुस्ट ब्रिनेल हा स्वीडनमधल्या फागेर्स्टा पोलाद कारखान्याचा मुख्य अभियंता. धातू किती कठीण आहे हे मोजायची त्याची रीत १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगापुढे आली: १० मिलिमीटरची कठीण गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. पोलादासाठी भार किती? ३००० किलो, एका गोळीवर! सायकलचा छर्रा साधारण ४ मिलिमीटरचा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने तोच भार ४८० किलोवर येतो. त्याहून बारीक खळग्याला कमी पुरेल हे कबूल. पण इथे कटोरीत डझनावारी छर्रे, आणि वर एक शाळकरी मुलगी व तिचं दप्तर. खड्ड्याचा दणका छर्ऱ्यापर्यंत इतका कडक पोचण्याआधी टायर चेपेल, रिम वाकेल. आणि रिम तर बहुधा धडच असते!

मग खळगे आले कुठून? उत्तर आधी सापडलं ते मोटारींत. अमेरिकेत कारखान्यातून नव्या गाड्या रेल्वेने पाठवायचे, आणि एकही मैल न धावलेल्या त्या गाड्यांच्या चाकांच्या बेरिंगमध्ये खळगे निघायचे. गाडी डब्यात बांधून ठेवलेली, चाक फिरत नाही, फक्त हजारो वेळा किंचित थरथरतं. जे. ओ. आल्मेन याने १९३७ साली यावर लिहिलं आणि या खळग्यांना ‘खोटं ब्रिनेल’ हे नाव रुजलं. दणका हे कारण नव्हतंच. गोळी पूर्ण फिरली तर आपल्यासोबत तेल ओढून आणते. जागच्या जागी थरथरली तर तेल बाजूला सारते. मग पोलाद पोलादाला घासतं, कणाकणाने चिकटतं, तुटतं, आणि तांबूस भुकटी उरते.

सायकलचं हँडल म्हणजे या रोगाला आमंत्रणच. चाकाचे छर्रे दिवसभर गरगर फिरतात. हँडलचे छर्रे सरळ रस्त्यावर अंश-दोन अंशांपलीकडे जात नाहीत. त्यात चिमटा प्रत्येक उंचवट्याला मागे-पुढे लवतो आणि छर्ऱ्यांना नको त्या दिशेने घासतो. म्हणून खळगे पुढच्या आणि मागच्या बाजूला जास्त खोल असतात.

खळगे दणक्यांनी पडत नाहीत हे सायकलवाल्यांना जो वर्षानुवर्षे पटवत राहिला, त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. योब्स्ट ब्रँट. स्टॅनफर्डला शिकलेला अभियंता, पोर्शे आणि ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम केलेला. १९८१ साली त्याने ‘द बायसिकल व्हील’ हे पुस्तक लिहिलं. चाकाच्या तारा नेमकं वजन कसं पेलतात हे त्यात हिशेबाने दाखवलं आहे. दरवर्षी आल्प्सच्या घाटांत सायकल घेऊन फिरणारा हा माणूस दुकानी समजुतींवर फटकळपणे तुटून पडायचा. त्यामुळे त्याचे शत्रू पुष्कळ होते आणि मुद्दे मात्र सहसा खरे ठरायचे. तो २०१५ साली गेला. दुकानांत अजून खड्ड्यांनाच शिव्या पडतात.

एक भानगड मात्र वेगळी ठेवा. घाट उतरताना वेगात हँडल एकाएकी थडथडायला लागतं, ते. इगतपुरी ते कसारा जवळपास ३०० मीटरचा उतार आहे. याच डोंगरात १८६५ साली सुरू झालेल्या रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे आणि चढताना बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. अशा उतारावर फ्रेम, चाकं आणि स्वाराचं वजन मिळून सायकल स्वतःच्या कंपनसंख्येत सापडते. कटोऱ्या अगदी घट्ट असल्या तरी हे होतं. हँडल आवळून धरू नका, गुडघा आडव्या दांडीला टेकवा. मुलींच्या सायकलला ती दांडी बहुतेक नसतेच. तेव्हा सीटवरचा भार उचलून पायांवर घ्यायचा आणि वेग हळूहळू कमी करायचा. पण वरच्या परीक्षांत टकटक लागली असेल, तर ती सायकल घाटात नेऊच नये.

आता गुरुजींना थेट उत्तर. हँडल मधोमध अडखळत असेल तर खर्च मोठा नाही. नव्या कटोऱ्या मिळेपर्यंत जुन्या मेकॅनिकांची युक्ती चालते: पिंजऱ्यातले छर्रे काढून त्याच मापाचे सुटे छर्रे भरायचे. संख्या बदलते, अंतरं बदलतात आणि छर्रे जुन्या खळग्यांत एकदम बसत नाहीत. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या सायकली शाळेत असतील, तर पावसाळ्यानंतर एक दिवस मेकॅनिकला शाळेतच बोलवा आणि सगळ्यांच्या कटोऱ्या उघडायला लावा. समोर उभं राहून बघा: जुनं ग्रीस रॉकेलने पुसलं आणि नवं भरपूर भरलं, तरच पैसे द्या.