परदेशस्थ मित्राकडे जाताना : सामानातील औषध आणि वैद्याचे दायित्व

दिवाळीच्या सुट्टीत राजूरच्या गणपतीस किंवा जांब समर्थ येथे जाऊन यावे, नातलगांकडे दोन दिवस मुक्काम करावा, अशी आपल्या जालना जिल्ह्याची जुनी रीत आहे. ती आजही टिकून आहे. परंतु तिच्या जोडीला आता एक नवा प्रवास आला आहे. शाळा-महाविद्यालयातील सोबती दुबई, लंडन वा मेलबर्न येथे स्थायिक झालेला असतो. 'या दिवाळीत आठवडाभर इकडेच ये' असा त्याचा आग्रह असतो आणि त्यापाठोपाठ आणावयाच्या वस्तूंची यादीही येते. फराळ आणि मेतकुटाच्या खाली त्या यादीत अभ्यंगाचे तेल, च्यवनप्राश आणि 'आईच्या गुडघ्यांसाठी ते मागचे औषध' हमखास असते. ही यादी घेऊन प्रवासी आपल्या चिकित्सालयात किंवा औषधालयात येतो. अशा वेळी आपण काय द्यावे, काय नाकारावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही मागणी का वाढते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. युरोपीय संघाचा पारंपरिक वनौषधींविषयीचा २००४ चा निर्देश ३० एप्रिल २०११ पासून पूर्णपणे लागू झाला. पारंपरिक औषध म्हणून नोंदणी हवी असेल तर ३० वर्षांचा वापर, आणि त्यातील सर्वसाधारणपणे १५ वर्षांचा वापर युरोपातील, दाखवावा लागतो. आपल्या बहुसंख्य कल्पांना ही अट पार करणे कठीण आहे. जे दुकानात मिळत नाही ते पाहुण्याच्या सामानातून मागविले जाते. म्हणजे पाहुणा हाच औषधाचा वाहक होतो आणि त्या औषधाविषयी सीमाशुल्क अधिकाऱ्याला उत्तर देण्याची वेळही त्याच्यावरच येते.

आखाती देशांची दक्षता

अनारशावरील खसखस आपल्याला निरुपद्रवी वाटते. तथापि संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध असून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अफू व भांगयुक्त कल्पांचे गांभीर्य तर त्याहून अधिक आहे. कर्पूर रसात अहिफेन आहे, जातीफलादी चूर्णात विजया आहे. ग्रहणीच्या रुग्णास येथे विधिवत दिलेले हेच औषध तेथील विमानतळावर अटकेस कारण ठरू शकते. सौदी अरेबिया व कुवेत येथे प्रवाशास मद्य नेता येत नाही, आणि आसवारिष्टांच्या वेष्टनावर स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण छापलेलेच असते. म्हणून त्या देशांत जाणाऱ्यास दशमूलारिष्टाऐवजी दशमूळाचा क्वाथ वा वटीकल्प सुचविणे श्रेयस्कर.

रसौषधींचा प्रश्न

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अहवाल प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद अथवा सोमल आढळले. त्याच गटाने २००८ मध्ये संकेतस्थळांवरून घेतलेली १९३ उत्पादने तपासली. त्यांतही सुमारे एकपंचमांश उत्पादनांत हे धातू होते आणि अमेरिकेत बनलेली व भारतात बनलेली उत्पादने यांत फारसे अंतर नव्हते. दरम्यान भारत शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी अनिवार्य केली.

शास्त्रोक्त शोधन-मारणाविषयी आपली भूमिका आपल्याजागी आहे. परंतु येथे प्रश्न वेगळा आहे. दूरदेशी बसलेला तो रुग्ण आपण पाहिलेला नसतो. मात्रा, अनुपान व पथ्य यांवर कोणाची देखरेख नसते. मित्राने आणलेली पुडी संपली की दुसऱ्या पाहुण्याकडून तीच मागविली जाते. पुढे पोटदुखी वा पांडुता उद्भवली तर तेथील डॉक्टरांना त्या पुडीचा पत्ताही नसतो. रसौषधी ही सन्मुख रुग्णासाठीच आहे, हा दंडक येथे कसोशीने पाळला जावा.

वनस्पती, घृत आणि मध

कुष्ठ ही वनस्पती संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असून जटामांसी, कुटकी व सर्पगंधा दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांची मुळे सुटी देणे टाळावे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे बिया, मुळे, साली असे सर्व वनस्पतिजन्य पदार्थ उतरतानाच घोषित करावे लागतात. न्यूझीलंडमध्ये प्रवाशास मध नेता येत नाही. युरोपीय संघात खासगी सामानातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे, हे घृतकल्प देताना स्मरावे. बियाण्यांच्या उद्योगाने नावारूपास आलेल्या जालन्यात बीजाच्या बंदोबस्ताचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आपल्या मोसंबीलाही ही बंधने लागू होतात.

देश आणि काल

चरकाचार्यांनी विमानस्थानात दशविध परीक्ष्य भावांमध्ये देश व काल यांची गणना केली आहे, आणि देश या संज्ञेत भूमी व आतुर हे दोन्ही घेतले आहेत. याचा प्रत्यय या प्रवासात येतो. दिवाळीला आपल्याकडे शरद सरत असतो. पित्तशमन व विरेचन यांचा विचार आपण करतो. त्याच दिवशी मेलबर्नला वसंत असतो, म्हणजे कफप्रकोपाचा व वमनाचा काळ. लंडनला थंडी वाढत असते व दिवस आखडत असतो. जालन्यातील दिनदर्शिका पाहून तिघांना एकच कल्प पाठविणे शास्त्राला धरून होणार नाही.

काउंटरवरील आचारसंहिता

१. प्रवासी कोणत्या देशात जात आहे, हे प्रथम विचारावे.
२. सुटे चूर्ण वा अनामिक पुडी देऊ नये. घटकद्रव्ये छापलेले सीलबंद वेष्टनच द्यावे व पावती सोबत ठेवावी.
३. औषध प्रवाशाच्या स्वतःच्या वापराचे असल्यास मुक्कामापुरतेच द्यावे आणि इंग्रजीत चिठ्ठी लिहून द्यावी.
४. तेलाच्या बाटल्या मोठ्या सामानात ठेवण्यास सांगावे; हातातील सामानात १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही.
५. मित्रासाठी औषध मागितल्यास त्या रुग्णाशी दूरध्वनीवर बोलावे, चालू औषधे विचारावीत आणि तेथील डॉक्टरांना सर्व सांगण्यास बजावावे.

वैद्य स्वतः पाहुणा म्हणून जातो तेव्हाही मर्यादा आहे. मित्राच्या घरी फराळाला जमलेली मंडळी नाडीसाठी हात पुढे करतात. पर्यटकाच्या परवान्यावर व्यवसाय करता येत नाही. शिवाय रक्त पातळ करणारी वा मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीस आठ दिवसांत परतणाऱ्या वैद्याने नवे औषध सुरू करून देणे, हे अनुबंधाचा विचार सोडून देण्यासारखे आहे. आहार, निद्रा, अभ्यंग व व्यायाम यांविषयी मात्र मोकळेपणाने बोलावे. उटणे लावून केलेले अभ्यंगस्नान आणि मितभोजन यांना कोणत्याही सीमेवर अडथळा नाही.

नकार दिल्याने एखादे गिऱ्हाईक रुष्ट होईल, हे खरे. परंतु परक्या विमानतळावर अडलेला प्रवासी आणि आपल्या पुडीमुळे आजारी पडलेला त्याचा मित्र, यांची भरपाई कोणत्याही विक्रीतून होणार नाही. यंदाच्या दिवाळीपूर्वी प्रत्येक औषधालयाने वरील पाच मुद्दे लिहून काउंटरजवळ लावावेत, अशी सर्व सभासदांना नम्र विनंती आहे.